लष्करी ट्रकमागे आरव्ही जोडण्याआधी

अमेरिकी सैन्याने विकायला काढलेला जुना ट्रक घेऊन त्यामागे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायचं असेल तर लिलावातले फोटो बघून हरखून जाण्याआधी एक आकडा शोधा: केबिनमधल्या डेटा प्लेटवर कोरलेलं ओढायचं वजन. अमेरिकी सैन्याचा जुना एम३५ए२, ज्याला तिथे लाडाने ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड ओढायला मंजूर आहे. त्याच्या पुढच्या पिढीचा एम१०७८, म्हणजे एलएमटीव्ही, १२,००० पौंड. मोठी फिफ्थ व्हील आरव्ही (जिचं नाक ट्रकच्या मागच्या भागावरच्या जोडणीवर टेकतं) सामान भरल्यावर सहज १५,००० च्या पुढे जाते, आणि आजच्या दणकट ड्युअली (मागे दुहेरी चाकांच्या) पिकअप कागदावर ३०,००० पौंडांच्या वर ओढतात. हे सांगितलं की लष्करी ट्रकवाले चिडतात. सैन्याचा आकडा हात राखून ठेवलेला असतो, चेसिस त्याहून जास्त सोसेल, हे खरंच आहे. पण अपघातानंतर विम्याचा माणूस प्लेटच वाचणार. म्हणून आधी आरव्हीचं भरलेलं वजन काढा आणि मग ट्रक निवडा.

माझं मत विचाराल तर या कामासाठी ड्यूस सोडून द्या. जेमतेम १३० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन आणि ताशी ५५ मैलांची मर्यादा एकवेळ चालवून घेता येईल, पण त्याच्या ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले, आणि मागे घर लटकलेलं. एम१०७८ ला पूर्ण एअर ब्रेक आहेत, हवा गेली तर स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. शिवाय सात गिअरचं ॲलिसन ऑटोमॅटिक आणि कॅटरपिलरचं २२५ हॉर्सपॉवरचं इंजिन. ए१ मॉडेलमध्ये तेच २७५. आरव्ही जड असेल तर याच कुटुंबातला सहा चाकांना ताकद देणारा एम१०८३ बघा.

पैसे भरण्याआधी कागद. सरकारी लिलावातून गाडी घेतल्यावर एसएफ-९७ नावाचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर तुमच्या राज्याचं डीएमव्ही (वाहन नोंदणी कार्यालय) टायटल, म्हणजे मालकीचा कागद, देतं, किंवा देत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि काही गाड्या ‘फक्त ऑफ-रोड’ म्हणूनच विकल्या जातात. बोली लावण्याआधी डीएमव्हीत प्रत्यक्ष जाऊन विचारा. तिथेच लायसन्सचंही विचारा, कारण ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर गेला की खासगी वापरालाही काही राज्यांत वेगळा वर्ग लागतो. विमा घेताना ‘संग्राह्य वाहन’ म्हणून स्वस्त पॉलिसी मिळाली तर ट्रेलर ओढण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते बारीक अक्षरांतही वाचा.

ट्रक तळावरून थेट चालवत घरी आणायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. तो वर्षभर उभा असतो, टायर त्याहून जुने असतात. ट्रेलरवर टाकून आणा. आल्यावर सगळ्यात आधी सैन्याची टेक्निकल मॅन्युअल्स मिळवा. एम१०७८ साठी टीएम ९-२३२०-३६५ ही मालिका, त्यातली ‘-१०’ चालकाची आणि ‘-२०’ देखभालीची. मग इंजिन ऑइल, कूलंट, ट्रान्समिशन, ॲक्सल आणि हबमधलं तेल सगळं बदला. टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी नवीकोरी दिसली तरी ते आकडे जुने असतील तर टायर बदलाच. ३९५/८५आर२० चे चार टायर आणि एक स्टेपनी हा खर्च ट्रकच्या किमतीतच धरून चाला.

एअर टाक्यांच्या तळाचे कॉक उघडून पाणी काढा, हवेतली ओल काढणाऱ्या ड्रायरचा फिल्टर बदला. दाब १२० पीएसआयपर्यंत चढू द्या, इंजिन बंद करा आणि कानाने ऐका. फुसफुस साबणाच्या पाण्याने सापडते. ही शांतपणे करायची गोष्ट आहे, घाईघाईत एक गळती हमखास राहते.

रंग घासण्याआधी थांबा. लष्करी गाड्यांवर सीएआरसी नावाचा रासायनिक हल्ल्याला टिकणारा लेप असतो. त्याची धूळ आणि वेल्डिंगचा धूर फुप्फुसाला घातक. हिचचं काम याच चेसिसवर होणार आहे, म्हणून वेल्डरला हे आधी सांगा.

आता हिच. ट्रकमागे पिंटल हुक असतो, तो लष्करी ट्रेलरची गोल कडी पकडतो. आरव्हीला एकतर बॉल लागतो किंवा फिफ्थ व्हील. बॉल लावायचा तर पिंटल इतका उंच असतो की खाली उतरणारा मजबूत ब्रॅकेट बनवावा लागतो, नाहीतर आरव्हीचं नाक आभाळाकडे आणि मागचा बंपर रस्त्यावर. फिफ्थ व्हीलचं उलट: चेसिसच इतकी उंच की किंगपिन (आरव्हीच्या नाकाखालची जोडणीची खुंटी) वर उचलली जाते, आरव्ही तिरकी होते आणि छताची उंचीही वाढते. बऱ्याच राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच आहे. आरव्ही सपाट जमिनीवर समतल उभी करून किंगपिनची उंची मोजा, ट्रकची मोजा, वेल्डिंग त्यानंतर. ट्रकचे पाटे रिकाम्या ट्रकला दगडासारखे असतात, प्रत्येक खड्डा आरव्हीच्या फ्रेमपर्यंत पोचतो. त्यासाठी एअर बॅगवाली हिच घेतली तर पैसे वसूल. बॉलवर आरव्हीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलवर १५ ते २५ टक्के भार यायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ विजेला ठेवा. ट्रकचे दिवे २४ व्होल्टचे, आरव्हीचे १२ चे; ट्रकला बारा पिनांचा नाटो सॉकेट, आरव्हीला सात पिनांचा. नुसता अडॅप्टर लावलात तर बल्ब जातीलच, आरव्हीतले बोर्डही जळतील. ट्रकच्या दिव्यांच्या तारांनी फक्त रिले (विजेने चालणारे स्विच) चालवायचे आणि रिलेमधून १२ व्होल्ट पुढे पाठवायचे. एम१०७८ च्या अल्टरनेटरला १२ व्होल्टचीही सोय आहे. ज्या ट्रकांना नाही, तिथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढायचा जुगाड करू नका: एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते. कन्व्हर्टर किंवा इक्वलायझर बसवा.

आरव्हीचे ब्रेक विजेवर चालतात, ट्रकचे हवेवर, म्हणून मध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. ट्रकच्या ब्रेकमधला हवेचा दाब मोजून त्या प्रमाणात वीज सोडणारा कंट्रोलर मिळाला तर उत्तम. साधा कंट्रोलर ब्रेक लाइटच्या तारेवर विसंबतो, आणि इथे जुन्या लष्करी ट्रकांतली एक मजेदार गोम आहे. त्यांचा दिव्यांचा तीन खटक्यांचा स्विच ‘बंद’ किंवा ब्लॅकआउटवर (शत्रूला न दिसण्यासाठीच्या मंद दिव्यांवर) असेल तर ब्रेक दाबूनही नेहमीचा ब्रेक लाइट लागत नाही. दिवसा दिवे कशाला म्हणून मी स्विच बंदच ठेवला आणि पहिल्या चाचणीत आरव्ही मागून ढकलत राहिली. दिवसा स्विच ‘स्टॉप लाइट’वर ठेवायचा, नाहीतर ती तार स्विचला वळसा घालून स्वतंत्र घ्यायची. आरव्ही सुटलीच तर तिचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन ओढून आरव्हीची चाकं अडतात का, तेही बघा.

मग एकट्या ट्रकने पन्नासेक मैल जाऊन या, थांबल्यावर हब हाताने चाचपा. एखादा दुसऱ्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. आरव्ही रिकामी जोडून मोकळ्या मैदानात ताशी २० ते २५ मैलांवर कंट्रोलर जुळवा. मग आरव्ही भरून ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक ॲक्सल तोला. पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क करा.

स्टेपनी एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, ती तीनशे पौंडांच्या वर भरते. तिचा हॉइस्ट घरीच चालवून बघा, आणि जॅक, पाने ट्रकमध्येच ठेवा, आरव्हीच्या पोटात नकोत.