मेटल मिक्समधली गिटार: खालचा चिखल कसा काढावा

रिदम गिटार दोनदा वाजवून रेकॉर्ड करा. एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज मधोमधच राहतो. गेन (गिटारचा आवाज किती फाटवायचा ती पातळी) एकट्या गिटारवर आवडतो त्याहून कमी ठेवा, नाहीतर पिकिंगचा ठोका विरघळतो.

८० ते १०० हर्ट्‌झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. गिटार एकटी ऐकताना पातळ वाटेल, वाटू द्या. तो भार बेस गिटारनं उचलायचा असतो. खरी अडचण पाम म्यूटची, म्हणजे तळहात तारांवर टेकवून दाबून वाजवलेल्या सुरांची. त्यात १०० ते २५० हर्ट्‌झचा पट्टा फुगतो. तो ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) कायमचा कापलात तर मोकळ्या कॉर्डचं वजनही जातं. त्याऐवजी तेवढ्याच पट्ट्यावर मल्टीबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्टा मोठा झाला की तेवढाच दाबणारं साधन) लावा, म्यूटला ३-४ डेसिबल दाबेल इतकाच.

बेसचे दोन ट्रॅक करा: २०० हर्ट्‌झखालचा स्वच्छ, घट्ट कॉम्प्रेस केलेला, वरचा डिस्टॉर्शनसह.

मुंबईतल्या १० बाय १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसून मिक्स केलंत तर किक (ड्रमचा पायाने वाजवायचा मोठा ढोल) कमी ऐकू येते आणि उगाच वाढवली जाते. किक आणि बेसची पातळी हेडफोनवर ठरवा.