जुन्या मॉर्गेजवरचा पीपीआय: पैसे परत मागताना या चुका टाळा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या आपल्या लोकांची पंचवीस वर्षांची मॉर्गेजं आता एकेक करून फिटली आहेत. लेंडरचं शेवटचं पत्र येतं, घरात श्रीखंड-पुरी होते आणि मग कोणीतरी लॉफ्टवरून जुनी फाइल खाली काढतं. गेल्या दोन वर्षांत अशा पाच-सहा फायली माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच. "पीपीआयचे लोकांना हजारो पौंड मिळाले म्हणे, मग आमचे?" पीपीआय म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, कर्जासोबत विकलेला विमा. तो चुकीच्या पद्धतीने विकल्याबद्दल बँकांना लोकांचे पैसे परत करावे लागले होते.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. 29 ऑगस्ट 2017 च्या आधी विकलेल्या पीपीआयबद्दल तक्रार करायची शेवटची तारीख 29 ऑगस्ट 2019 होती. त्याआधी दोन वर्षं एफसीए या नियामक संस्थेने टीव्हीवर श्वार्झनेगरचं यांत्रिक डोकं ओरडत फिरवलं होतं, ते बहुतेकांना आठवतं. तारीख मात्र आठवत नाही. तरी फाइल लगेच रद्दीत टाकू नका. थोड्या वाटा उघड्या आहेत, आणि त्याच वाटांवर लोक सर्वात जास्त ठेचकाळतात.

भलत्याच विम्याला पीपीआय समजणं

पीपीआय म्हणजे आजारपण, अपघात किंवा नोकरी जाणं यामुळे उत्पन्न थांबलं तर ठरावीक काळ, बहुधा बारा महिने, तुमचा हप्ता भरणारा विमा. मॉर्गेजच्या कागदांवर तो 'एमपीपीआय' (मॉर्गेजचा पीपीआय), 'एएसयू' (ॲक्सिडेंट, सिकनेस, अनएम्प्लॉयमेंट) किंवा नुसतं 'मॉर्गेज केअर', 'पेमेंट कव्हर' अशा नावांनी लपलेला असतो.

फायलीत मात्र आणखी चार-पाच विमे असतात आणि लोक त्यांनाही पीपीआय म्हणतात. 'मॉर्गेज इन्डेम्निटी गॅरंटी' असा एकरकमी आकडा दिसला तर तो डिपॉझिट कमी होतं म्हणून लेंडरने स्वतःच्या बचावासाठी घेतलेला आणि तुमच्याकडून वसूल केलेला विमा. चीड येण्यासारखाच प्रकार, पण पीपीआय नव्हे. एन्डाउमेंट पॉलिसी, म्हणजे मॉर्गेज फेडायला घेतलेली बचतीची पॉलिसी, हा वेगळा घोटाळा, त्याच्या मुदती वेगळ्या. घराचा विमा आणि आयुर्विमा तर नाहीतच. एका गृहस्थांनी मला आठ पानी तक्रार लिहून दाखवली होती, ती सगळी बिल्डिंग इन्शुरन्सबद्दल होती.

मॉर्गेजच्या तक्रारीला पर्सनल लोनचं पत्र जोडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आजही लोक 2013 सालचं नकाराचं पत्र घेऊन येतात आणि "शेजाऱ्याला मिळाले, आम्हाला का नाही?" असं विचारतात, तेव्हा कारण बहुधा इथेच सापडतं.

पर्सनल लोनवरचा पीपीआय बऱ्याचदा एकरकमी असायचा. पाच वर्षांच्या विम्याचे पैसे पहिल्याच दिवशी कर्जात मिळवायचे आणि त्यावर व्याजही लावायचं. सुप्रीम कोर्टात 2014 साली गाजलेल्या प्लेविन खटल्यातला विमा असाच एकरकमी होता. 34,000 पौंडांचं कर्ज दहा वर्षांसाठी, त्यावर 5,780 पौंडांचा विमा फक्त पाच वर्षांसाठी, आणि त्या विम्याच्या पैशांतले 71.8 टक्के कमिशन. असा व्यवहार अन्यायाचा आहे हे पटवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

मॉर्गेजवरचा पीपीआय सहसा असा नव्हता. दरमहा वीस-तीस पौंड, वेगळा डायरेक्ट डेबिट, केव्हाही बंद करता येणारा. त्यात डावाला घर लागलेलं. त्यामुळे "मला कंपनीकडून सिक पे मिळत होता, मला याची गरजच नव्हती" हा पर्सनल लोनच्या तक्रारीतला हुकमी एक्का इथे चालत नसे. अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शिअल ऑम्बुड्समनचं उत्तर ठरलेलं असायचं: सिक पे संपल्यावरही घर वाचवायला हे पैसे कामी आले असते. एनएचएसमधले आपले डॉक्टर तर हमखास याच मुद्द्यावर अडायचे. वर्षाची पगारी रजा आहे, मग विमा कशाला, असं ते लिहायचे आणि नकाराचं पत्र हातात पडायचं.

विक्रेत्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. ऑक्टोबर 1995 पासून नव्या कर्जदाराची नोकरी गेली तर सरकारी मदतीतून मॉर्गेजचं व्याज मिळायला नऊ महिने थांबावं लागायचं. ती फट बुजवायला हा विमा आहे, असं विकणारे सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. फसवणूक असायची ती कुणाला आणि काय सांगून विकला यात.

म्हणूनच तिथे भावना नाही, तपशील चालायचा. विमा घेतला नाही तर मॉर्गेज मिळणार नाही असं सांगितलं होतं का? अर्जावर खूण आधीच केलेली होती का? पाठदुखी किंवा मधुमेह आधीपासून होता आणि पॉलिसीत आधीच्या आजारांना वगळलं होतं का? आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं, त्या वेळी तुम्ही कॉन्ट्रॅक्टर होतात का? 1999 च्या आसपास वायटूकेच्या कामांवर आलेले कितीतरी मराठी इंजिनिअर स्वतःची लिमिटेड कंपनी काढून सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे बेरोजगार, असं बहुतेक पॉलिसी मानत नसत. म्हणजे पैसे भरले तिन्ही गोष्टींचे आणि खऱ्या अर्थाने मिळाल्या दोनच.

हे सांगायला एक फाइल डोळ्यासमोर आहे. स्लाउच्या एका काकूंची. मॉर्गेज ऑफरच्या तिसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात 'एएसयू, दरमहा 27.50' आणि समोर टाइप केलेला एक्स. हाताने केलेली खूण नाही, टाइप केलेली. त्याच फायलीत काकांचं तेव्हाचं कॉन्ट्रॅक्ट, मुदत सहा महिने, स्टेपल गंजलेली. दोन्ही कागद एकमेकांना चिकटून बसलेले. आणि 2013 सालच्या तक्रारीत या दोन्हींचा उल्लेखच नाही! कुणीतरी दिलेला मसुदा जसाच्या तसा उतरवला होता. "आमच्याकडे बचत होती, आम्हाला गरज नव्हती." कंपनीने तेवढ्यालाच उत्तर दिलं आणि फाइल बंद केली.

नकार आला म्हणजे संपलं, असं समजणं

काकूंनी पुढे काहीच केलं नाही. कंपनीचा 'फायनल रिस्पॉन्स', म्हणजे तिचं शेवटचं उत्तर, आला की सहा महिन्यांत फायनान्शिअल ऑम्बुड्समनकडे जाता येतं, तेही फुकट. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ते लिहिलेलं असतं. पण 'फायनल' हा शब्द वाचून लोक पत्र घडी करून ठेवून देतात. सहा महिने उलटले की अगदी असाधारण कारण लागतं. गंभीर आजारपण चालू शकतं, "लक्षात आलं नाही" चालत नाही. तीच तक्रार नव्या शब्दांत पुन्हा पाठवली म्हणून नवी मुदत सुरू होत नाही.

आज काय उरलंय ते न तपासणं

विमा अजून चालू असेल आणि आजारपणाचा किंवा बेकारीचा क्लेम पात्रतेच्या किंवा वगळलेल्या अटींवर बोट ठेवून नाकारला असेल, तर त्या नकारावरून मूळ विक्रीबद्दल तक्रार करता येते. 2019 ची तारीख इथे आड येत नाही. 29 ऑगस्ट 2017 नंतर विकलेल्या पॉलिसीलाही ती लागू नाही. हप्ते चुकीचे कापले, क्लेम हाताळताना घोळ घातला, अशा तक्रारी विक्रीबद्दल नसतातच. त्या त्यांच्या स्वतःच्या मुदतीत करायच्या.

कोर्टाचं मात्र जपून. 2023 साली सुप्रीम कोर्टाने कॅनडा स्क्वेअर खटल्यात बँकेने कमिशन मुद्दाम लपवलं असं म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या आशा पल्लवित झाल्या. ते प्रकरणही कर्जाचं होतं, घराच्या नेहमीच्या मॉर्गेजचं नव्हतं. कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातल्या ज्या 'अन्याय्य संबंधा'च्या कलमावर हे खटले उभे आहेत, ते 31 ऑक्टोबर 2004 पासूनच्या, नियामकाच्या कक्षेतल्या मॉर्गेजला लागूच होत नाही. नुसत्या निष्काळजी सल्ल्याच्या दाव्याला इंग्लंड-वेल्समध्ये पंधरा वर्षांची पक्की मर्यादा आहे, त्यामुळे 1999 ची विक्री तिच्याबाहेर गेली. 'नो विन नो फी' म्हणणारा वकील हे पहिल्या फोनवर सांगेलच असं नाही.

चुकीच्या दारावर जाणं

तक्रार विकणाऱ्याकडे करायची असते. मॉर्गेज ज्याचं त्यानेच विमा विकला असेल असं नाही, मध्ये ब्रोकर असू शकतो. विम्याची विक्री नियामकाच्या कक्षेत आली 14 जानेवारी 2005 ला. त्याआधी छोट्या ब्रोकरने विकलेला असेल आणि तो धंदा गुंडाळून गेला असेल, तर बुडालेल्या वित्तीय कंपन्यांच्या ग्राहकांसाठी असलेली भरपाई योजनाही हात वर करते. लेंडर असेल तर नाव बदललेलं असणार. वुलविचसाठी बार्कलेज, ॲबी नॅशनलसाठी सॅन्टँडर, चेल्टनहॅम अँड ग्लॉस्टरसाठी लॉइड्स.

कागद नसतील तर 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट', म्हणजे आपल्याबद्दलच्या नोंदी मागणारा अर्ज, पाठवा. मे 2018 पासून ती फुकट आहे आणि उत्तर साधारण महिन्याभरात यायला हवं. खातं बंद झाल्यावर बरेच लेंडर सहा वर्षांनी नोंदी पुसतात. म्हणजे मॉर्गेज नुकतंच फिटलं असेल तर आत्ताच मागा. संयुक्त मॉर्गेज असेल तर दोघांची नावं आणि लग्नाआधीचं आडनावही लिहा, नाहीतर "नोंद सापडली नाही" हेच उत्तर येतं.

पैसे मिळाले, पण कर तपासला नाही

ज्यांना भरपाई मिळाली त्यांच्यापैकीही बरेच इथे चुकले. उदाहरण म्हणून, दरमहा 30 पौंडांप्रमाणे दहा वर्षं हप्ते भरले, ते 3,600. प्रत्येक हप्त्यावर तो भरल्यापासून वर्षाला 8 टक्के सरळ व्याज. शेवटचा हप्ता भरून दहा वर्षं झाल्यावर पैसे मिळाले, तर सरासरी पंधरा वर्षांचं व्याज धरा, म्हणजे सुमारे 4,320. व्याज मुद्दलापेक्षा जास्त! त्या व्याजातून 20 टक्के, म्हणजे 864 पौंड, कर आधीच कापून उरलेली रक्कम हातात येते.

तुमचं उत्पन्न कमी असेल किंवा बचतीच्या व्याजावरची करसवलत शिल्लक असेल, तर त्यातलं काही आर40 फॉर्म भरून एचएमआरसीकडून, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून, परत मागता येतं. मुदत आहे, पैसे हातात आले ते करवर्ष संपल्यापासून चार वर्षं. मे 2022 मध्ये मिळाले असतील तर 5 एप्रिल 2027. भारतात परतलेल्यांचा फॉर्म वेगळा, आर43, आणि आपल्याला सवलतीचा हक्क आहे का ते आधी बघावं लागतं. उलट, 40 टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर कदाचित तुम्हीच आणखी कर देणं लागत असाल. ते गप्प बसून मिटत नाही.

आर40 फॉर्म स्वतः भरा. चार पानं असतात. त्यासाठी निम्मे पैसे मागणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

फोनवरच्या गोड आवाजावर विश्वास ठेवणं

"तुमचा पीपीआय रिफंड मंजूर झालाय, फक्त प्रोसेसिंग फी भरा." फोन ठेवा. मंजूर झालेल्या पैशांसाठी कुणी गिफ्ट व्हाउचर मागत नाही. मुदत उलटून इतकी वर्षं झाली तरी हे फोन येतात, आणि आता गाडीच्या फायनान्सचं नाव घेऊनही येतात. पैसे गेलेच असतील तर लगेच 159 फिरवून आपल्या बँकेशी बोला.

शेवटी बँक स्टेटमेंट

लेंडरचं मॉर्गेज संपलं म्हणजे विमा आपोआप थांबतोच असं नाही, कारण विमा कंपनीचा डायरेक्ट डेबिट वेगळा असू शकतो. काकूंच्या फायलीतून दुसरं काहीच निघेना, तेव्हा मी त्यांना सहज म्हटलं, "काकू, जरा फोनवर बँक उघडा." खाली सरकवत गेलो. दर महिन्याच्या तीन तारखेला 27.50. मॉर्गेज फिटून सात महिने झाले होते!

"अहो, मला वाटलं कौन्सिल टॅक्सचं काहीतरी असेल," काकू म्हणाल्या.

तिथल्या तिथे डेबिट बंद केला आणि विमा कंपनीला चार ओळींचं पत्र लिहिलं: मॉर्गेज अमुक तारखेला संपलं, लेंडरचं पत्र सोबत जोडलंय, त्यानंतरचे हप्ते परत करा. तीन आठवड्यांनी 192 पौंड 50 पेन्स आले. 1999 पासूनचे बाकीचे गेले ते गेलेच.