‘कामी’, ‘किताई’ आणि जंगल : दायाक मौखिक साहित्याच्या अभ्यासाला लागण्यापूर्वी

‘दायाक’ नावाची एक भाषा नाही. बोर्निओ बेटावरच्या अनेक आदिवासी समाजांचं ते मिळून एक नाव आहे आणि हे बेट इंडोनेशिया, मलेशिया व ब्रुनेई अशा तीन देशांत वाटलेलं आहे. मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या इबान लोकांची भाषा मलयला जवळची. इंडोनेशियाच्या मध्य कालिमांतान प्रांतातल्या ङाजूंची भाषा बारितो गटातली, आणि त्याच गटातल्या मा’आन्यानचं जवळचं नातं थेट मादागास्करच्या मलागासीशी. त्यामुळे संशोधनाच्या अर्जात ‘दायाक भाषा आणि पर्यावरण’ असा विषय लिहिला की जाणकार परीक्षक तिथेच भुवया उंचावतो. एक भाषा, एक रचनाप्रकार आणि एका नदीचं खोरं, इतकं ठरवून सुरुवात करा.

दोन वाटा त्यातल्या त्यात मळलेल्या आहेत. इबानसाठी क्लिफर्ड सेदर, बेनेडिक्ट सँडिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोठं काम करून ठेवलं आहे, ॲंथनी रिचर्ड्स यांचा १९८१चा इबान-इंग्रजी कोश आहे, शिवाय कुचिंगच्या तुन जुगा फाउंडेशनने मौखिक साहित्याचा संग्रह केला आहे. ङाजूसाठी हार्डेलांड या मिशनऱ्याचा १८५९चा जर्मन शब्दकोश अजूनही टेबलावर लागतो, म्हणजे थोडी जर्मन शिकणं आलं. आधी इंडोनेशियन किंवा मलय सहा-आठ महिने शिका. इंडोनेशियन सरकारची ‘दार्मासिस्वा’ ही वर्षभराची बिगरपदवी शिष्यवृत्ती त्यासाठी सोयीची पडते. प्रत्यक्ष संशोधनासाठी मात्र वेगळी परवानगी लागते. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर रेकॉर्डिंग करत हिंडू नका. ते अंगाशी येतं, आणि तुमच्यापेक्षा तुम्हाला घरात ठेवणाऱ्यांच्या अंगाशी जास्त येतं.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी फुकटात मिळतात. मलय-इबानमधला आखूड ‘ए’ आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे, त्यामुळे ‘मनोआ’ (प्रदेश) हा शब्द आपल्या तोंडात सहज बसतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ङ’ मात्र घोटावा लागतो: ‘ङेताऊ’ म्हणजे भातकापणी, ते ‘नगेताऊ’ नव्हे. सगळ्यात मोठा फायदा ‘आपण’ आणि ‘आम्ही’चा. इबानमध्ये ‘किताई’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हींचं एकच होतं आणि जमिनीच्या वादातला अर्धा अर्थ तिथे सांडतो. ‘आपली जमीन’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, ‘आमची जमीन’ त्याला बाहेर ठेवते. सापळाही इथेच आहे. इंडोनेशियनमध्ये ‘किता’ म्हणजे आपण, पण इबानमध्ये ‘किता’ म्हणजे तुम्ही सगळे. घाईत केलेल्या लिप्यंतरात ही चूक हमखास सापडते.

दुसरा सापळा आपल्यासाठी खास आहे. इबानांचा ‘पेतारा’ (देव), पश्चिम कालिमांतानातल्या कानायात्न दायाकांचा ‘जुबाता’ (म्हणजे देवता), ङाजूंच्या विधिभाषेचं ‘बासा सांग्यांग’ हे नाव. हे संस्कृतसारखं ऐकून कान टवकारतात. पूर्व कालिमांतानात राजा मूलवर्म्याचे संस्कृत यूपलेखही (यज्ञस्तंभांवरचे लेख) आहेत, साधारण इसवी सन ४००चे. त्यात भर म्हणून ङाजूंचा काहारिंगान धर्म १९८० पासून सरकारदरबारी ‘हिंदू काहारिंगान’ म्हणून नोंदला जातो. पण ही नोंद इंडोनेशियातल्या मान्यताप्राप्त धर्मांच्या चौकटीत जागा मिळवण्याचा मार्ग होता. आत मरणोत्तर ‘तिवाह’ विधी आहे. त्यात अस्थी पुन्हा काढून ‘सांदुंग’ या अस्थिघरात ठेवतात आणि जनावरं कोरीव ‘सापुंडू’ खांबांना बांधून बळी देतात. आपल्या श्राद्धाच्या चष्म्यातून याकडे पाहिलं तर हाती काही लागत नाही.

आता रचनाप्रकार. इबानांचं ‘तिमांग’ हे लांबलचक विधिगीत ‘लेमाम्बांग’, म्हणजे विधिगायक, रात्रभर गातो, ‘साबाक’ हा मृतासाठीचा विलाप, ‘साम्पी’ ही प्रार्थना. नवख्यांनी ‘साम्पी’पासून सुरुवात करावी: लहान, पुन्हा पुन्हा कानावर पडणारी, दिवसाउजेडी ऐकता येणारी. साबाक हाती घ्यायची घाई नको. त्यात आत्मा घरातून निघून ओसरी, जिना, शेतं, नदी असं करत ‘सेबायान’ या मृतांच्या देशी पोहोचतो, आणि अंत्यविधीबाहेर ते गाणं गाणाऱ्याच्या जिवाला धोक्याचं मानलं जातं. गायिका तयार झाली तरी आधी रीतसर नैवेद्य आणि तिच्या आत्म्याला बळ देणारी लोखंडाची वस्तू द्यावी लागते. तिला मानधन समजू नका. पैसे वेगळे, हे वेगळं. परवानगी आधी ‘तुआई रुमा’कडे, म्हणजे लांबघराच्या (अनेक कुटुंबांच्या एका छपराखालच्या घराच्या) प्रमुखाकडे मागायची, मग कुटुंबाकडे.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये करा. स्टिरिओत तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते, तेव्हा रात्रभराच्या तिमांगसाठी कार्ड आणि बॅटऱ्या त्या हिशोबाने न्या. घंटांचा गजर अचानक सुरू होतो आणि आवाज फाटतो, म्हणून पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. पत्र्यावरच्या पावसाला उपाय नाही. दुसरा रेकॉर्डर गाणाऱ्याच्या अगदी जवळ ठेवायचा, एवढंच. लेमाम्बांग आठवणीसाठी ‘पापान तुराई’ ही चित्रखुणांची फळी वापरत असेल तर विचारून तिचाही फोटो घ्या, नाहीतर कडव्यांचा क्रम का बदलला हे नंतर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी गायकासोबत बसून एलानमध्ये (रेकॉर्डिंगला मजकूर जोडायचं सॉफ्टवेअर) पाच पट्ट्या करा: गायलेले शब्द, बोलीतले शब्द, शब्दार्थ, मलय अनुवाद, गायकाचं स्पष्टीकरण. गाताना स्वर ताणले जातात, जुने शब्द येतात आणि एकच गोष्ट जोडीजोडीने सांगितली जाते. जोडीतला दुसरा शब्द बऱ्याचदा निव्वळ नादासाठी असतो. त्याला ओढूनताणून वेगळा अर्थ चिकटवणं ही पहिल्या वर्षातली नेहमीची चूक. गायकाने सावकाश सांगून लिहवलेला पाठ नेहमी आटोपशीर निघतो. त्याची वेगळी फाइल ठेवा, दोन्ही पाठ एकमेकांत मिसळू नका. तासाभराच्या गाण्याला चाळीस तास धरून वेळापत्रक आखा.

पर्यावरणाचा मुद्दा इथून सुरू होतो, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. विधिगीतांत ‘निसर्ग वाचवा’ शोधायला गेलात तर मिळणार नाही. मिळेल ते भात, मृत्यू, पाहुणे देव आणि चक्क शिरकाण. जंगल येतं ते कामाच्या क्रियापदांतून: ‘नेबास’ (झुडपं तोडणं), ‘नेबांग’ (झाडं पाडणं), ‘नुनू’ (जाळणं), ‘नुगाल’ (काठीने भोकं पाडून पेरणं), ‘मांतुन’ (खुरपणी), ‘ङेताऊ’. शकुनाचे पक्षीही याच क्रमाला बांधलेले. इबान कथांत हे पक्षी ज्याचे जावई, तो देव सिंगालांग बुरोंग ज्या रूपात दिसतो ती ब्राह्मणी घार आपल्या कोकण किनाऱ्यावरही घिरट्या घालते. प्रत्येक क्रियापदाशी कोणता विधी, कोणता पक्षी आणि कोणती जमीन येते, याचा तक्ता करा. प्रबंधाचा कणा तोच.

जमिनीचे शब्द तसेच नेमके. ‘तेमुडा’ म्हणजे पीक घेऊन पडीक सोडलेली जागा, ‘तेम्बावाई’ म्हणजे जुन्या लांबघराची जागा, ‘पुलाऊ गालाऊ’ म्हणजे राखीव सामाईक जंगल. याला ‘देवराई’ म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. देवराई देवाची असते, पुलाऊ गालाऊ घराच्या लाकडासाठी आणि होडीसाठी राखलेलं असतं. या शब्दांचा निकाल कोर्टात लागतो. मलेशियाच्या फेडरल कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘पेमाकाई मनोआ’ (लांबघराचं उपजीविकेचं क्षेत्र) आणि ‘पुलाऊ गालाऊ’ या प्रथांना कायद्याचं बळ नाही असं ठरवलं. २०१८च्या दुरुस्तीने सारावाकच्या जमीन कायद्यात त्यांच्या जागी एक नवी इंग्रजी संज्ञा आणि साधारण ५०० हेक्टरांची मर्यादा आली. इंडोनेशियात उलटं घडलं. घटना न्यायालयाने मे २०१३ मध्ये प्रथेच्या जंगलाच्या व्याख्येतून ‘नेगारा’ (राज्य) हा एकच शब्द काढला आणि ते जंगल सरकारी वनाच्या व्याख्येबाहेर पडलं. तिथल्या २००९च्या पर्यावरण कायद्यात ‘केआरिफान लोकाल’ (स्थानिक शहाणपण) या शब्दांखाली कुटुंबामागे दोन हेक्टरपर्यंत जाळायची सूट आहे: वाण स्थानिक हवं आणि भोवती आगरोधक पट्टा हवा. १९९०च्या दशकातल्या ‘मेगा राइस’ प्रकल्पाने कालवे खणून दलदलीची पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची) जमीन सुकवली, तिथल्या आगी आणि हे दोन हेक्टर एकाच वाक्यात टाकणारा लेख बाजूला ठेवायला हरकत नाही.

नकाशांबाबत सावध राहा. सारावाकमध्ये २००१च्या भूमापन कायद्याने विनापरवाना मोजणी हा गुन्हा केला आहे. गावाने ‘जरा हद्द काढून द्या’ म्हटलं तरी स्थळनावांची यादी आणि त्यामागच्या कथा एवढंच नोंदवा.

वेळेचं म्हणाल तर जून टाळा. सारावाकमध्ये १ जूनला ‘गावाई दायाक’ असतो, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि तांदळाची ‘तुआक’ दारू वाहत असते. ओळखी होतात, काम होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जाळणी-पेरणीच्या सुमाराला जा. दिवसा पेरणीत हात लावा, संध्याकाळी ओसरीवर वही उघडा.