भोपळ्याला फळच धरेना, शेवटी हे केलं

वेल मस्त पसरलेला, फुलं पण रोज, पण फुलामागची ती इवलीशी भोपळी चार दिवसात पिवळी पडून गळायची. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून खत वाढवलं, तर वेल अजूनच माजला, फळ मात्र एक नाही! मग एक दिवस सकाळी तिथेच बसून राहिलो तर अर्ध्या तासात एक मधमाशी फिरकली नाही. आणि चूक माझीच होती, मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला म्हणून मीच रोज सकाळी उघड्या फुलांवर स्प्रे मारत होतो.

मग मधमाशीचं काम मीच केलं, हाताने परागीकरण, म्हणजे नर फुलातले पराग मादी फुलाला लावले. नर फुलाचा देठ नुसताच लांब असतो, मादीच्या मागे छोटं फळ दिसतं, त्यावरून ओळखायचं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढल्या, मधल्या दांडीवरची पिवळी पावडर बोटाला लागतेय ना बघितलं आणि मादीच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच फिरवली. हे सकाळी लवकरच करायचं, दुपारपर्यंत फूल मिटतं. दुधीचं उलटं, त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उघडतात, हे माहीत नसल्याने माझे दोन दिवस फुकट गेले.

आठवड्यात तीन भोपळे फुगायला लागले. स्प्रे आता अगदीच गरज पडली तर फुलं मिटल्यावर, आणि थोडी कोथिंबीर मुद्दाम फुलू दिलीये, तिच्यावर आता मधमाश्या यायला लागल्यात.