आईबाबा पहिल्यांदा विमानाने येणार? सिक्युरिटी चेकची तयारी अशी करून घ्या

तिकीट, वेब चेकइन, व्हीलचेअर हे सगळं आपण करून देतो पण सिक्युरिटी चेकबद्दल त्यांना कोणी नीट सांगतच नाही, आणि म्हातारी माणसं घाबरतात ती नेमकी तिथेच. मशीन वाजलं किंवा बॅग बाजूला काढली की त्यांना वाटतं चारचौघांत आपल्यावर संशय घेतला. म्हणून निघायच्या आधी निवांत फोन करा आणि सगळं सांगून ठेवा.

बाबांना तपासणीचा राग येत असेल तर कंदहारची आठवण करून द्या, त्यांच्या पिढीला ते चांगलंच आठवतं. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान पळवून अफगाणिस्तानातल्या कंदहारला नेलं आणि त्यानंतर 2000 पासून एअरपोर्टची सुरक्षा सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे) जायला लागली. हे सांगितलं की चिडचिड बरीच कमी होते. आणि एक गोष्ट दहादा बजावा, वैतागून "बॅगेत काय बॉम्ब आहे का?" असं चुकूनही म्हणायचं नाही, तिथे हे खरंच धरतात, पोलीस येतात आणि विमान चुकतं ते वेगळंच.

आता बॅग. बाबांची चंची उघडून बघायला सांगा, त्यात अडकित्ता असतोच, आणि आईच्या पर्समध्ये छोटी कात्री. दोन्ही चेकइन बॅगेत टाका. काडेपेटी, लायटर आणि पूजेचा कापूर कुठल्याच बॅगेत नको. खोबऱ्याच्या वाट्यापण घरीच ठेवा, सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून चेकइनला बंदी आहे, आणि खोबरं काय आपल्याकडेही मिळतं ना. लोणचं, तूप चेकइनमध्ये, नीट पॅक करून. पॉवर बँकचं मात्र उलटं, ती हातातल्याच बॅगेत पाहिजे, 100 वॅट-अवरपर्यंत (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालते, नेहमीची 20000 एमएएचची साधारण 74 भरते त्यामुळे काळजी नको. परदेशी येणार असतील तर हातातल्या बॅगेतली तेल-क्रीमची प्रत्येक बाटली 100 मिलीच्या आतली हवी, अर्धी रिकामी मोठी बाटली चालत नाही.

गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा आणि तपासणीच्या मशीनच्या दारातून जायच्या आधीच सांगायचं, मग हाताने तपासतात. गुडघा बदललेला असला की मशीन वाजणार, तेही आधी सांगितलं की झालं.

तिथे गेल्यावर फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, पट्टा, किल्ल्या, सुटे पैसे ट्रेमध्ये. आईला आवर्जून सांगा की बायकांची तपासणी पडद्याआड असते आणि बाईच करते, हे कळलं की अर्धी भीती जाते बघा. मंगळसूत्र, बांगड्या सहसा काढायला लावत नाहीत, हातातलं यंत्र बांगडीपाशी वाजेल तर वाजू दे, हात पुढे करून दाखवायचा.

बॅग बाजूला काढली तर स्वतः उघडायची घाई नको, बोलावतील तेव्हा जायचं, ते सांगतील तसं करायचं. शेवटी ट्रे रिकामा झाला का ते बघूनच हलायचं, घड्याळ आणि चष्मा तिथेच राहतात, आणि पट्टा पलीकडच्या खुर्चीवर बसून सावकाश घालायचा.