आयरिश कैद्याचा माग काढताना नावाआधी जहाज शोधा

काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियात धाडलेल्या आयरिश कैद्याचं आयुष्य कागदांतून जुळवायचं असेल, तर पॅट्रिक रायन, मेरी केली असं नुसतं नाव घेऊन दप्तरात शिरू नका. या नावांची माणसं ढिगानं निघतात. वसाहतीचं सरकार कैद्याला ओळखायचं ते नाव, जहाज आणि आल्याचं साल या तिन्हींवरून. जहाजाच्या नावापुढे २ किंवा ३ असा आकडा दिसला तर ती त्या जहाजाची कैदी आणणारी दुसरी-तिसरी खेप. तो आकडा गाळलात की भलत्याच माणसामागे लागाल.

न्यू साउथ वेल्समधल्या माणसासाठी १८२८ ची जनगणना आधी उघडा. तिच्यात जहाज, साल आणि शिक्षेची मुदत मिळते. टास्मानियासाठी तिथल्या अभिलेखागाराची नामसूची ऑनलाइन फुकट आहे.

जहाज कळलं की त्याची कैद्यांची यादी, म्हणजे इंडेंट, काढा. १८३० च्या दशकातल्या यादीची एकच ओळ सावकाश वाचा: वय, लिहिता-वाचता येतं का, धर्म, मुलं किती, मूळ परगणा, धंदा, गुन्हा, खटला कुठे आणि कधी, उंची, डोळ्यांचा रंग आणि शेवटी अंगावरच्या खुणा. या खुणा कधीच सोडू नका. दंडावर गोंदलेली आद्याक्षरं बहुधा घरच्या किंवा जिवलग माणसांची असतात, आणि नावं सारखी असलेले दोघे वेगळे करायला तीच कामी येतात. वय मात्र दोन-चार वर्षं मागेपुढे धरा. खटल्याचा परगणा म्हणजे जन्मगाव नव्हे. इथे हमखास चूक होते. खटला इंग्लंडमध्ये झाला असेल तर त्याचे कागद डब्लिनला सापडणार नाहीत.

१७९१ साली कॉर्कहून आलेल्या 'क्वीन' या पहिल्या आयरिश जहाजाबरोबर कैद्यांचे कागद आलेच नाहीत. मुदत भरली तरी ती सिद्ध कशी करायची, या पेचात ती माणसं अडकली. इतक्या जुन्या कैद्याची तारीख जुळली नाही तर दोष तुमच्या शोधाचा नसतो.

डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८३६ पूर्वीच्या हद्दपारी-नोंदवह्या नाहीत; १९२२ च्या आगीत त्या जळाल्या. त्यामुळे तिथे नाव नसलं म्हणून माणूस गेलाच नाही असं ठरवू नका. त्याआधीच्या काळासाठी दयेचे अर्ज शोधा. बायको, आई किंवा गावचा पाद्री यांनी केलेल्या अर्जात घरची जी हकीकत मिळते, ती दुसऱ्या कुठल्याच कागदात नसते.

पुढचे टप्पे शिक्षेवरून ठरतात. न्यू साउथ वेल्समध्ये साधारणपणे सात वर्षांची शिक्षा असलेल्या कैद्याला चार, चौदावाल्याला सहा आणि जन्मठेपेला आठ वर्षांनी 'तिकीट ऑफ लीव्ह', म्हणजे शिक्षा संपायच्या आधीच स्वतः काम करून राहायची परवानगी, मिळे. वर्तन बिघडलं की ते लांबे किंवा जाई. मुक्ततेचा दाखला फक्त मुदतीच्या कैद्याला. जन्मठेपेवाल्याचा तो शोधत बसू नका, सशर्त माफी पाहा. ती मिळाली तरी आयर्लंडला परतायची मुभा नसे. लग्नालाही गव्हर्नरची परवानगी लागायची, आणि त्या अर्जात दोघांचीही जहाजं लिहिलेली असतात.

शेवटी मृत्यूचा दाखला. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या दाखल्यात आईबापांची नावं, जन्मस्थळ आणि वसाहतीत काढलेली वर्षं असतात. बाप कैदी होता हे पोरं पुष्कळदा लपवत. म्हणून वसाहतीतली ती वर्षं मृत्यूच्या सालातून वजा करा आणि उत्तर जहाजाच्या सालाशी ताडून पाहा.