युद्धावरून परत आल्यावर नवा संसार कसा लावायचा

लग्न झालं, लगेच ड्युटी लागली आणि आता नवरा युद्धावरून घरी आलाय, तर पहिले काही आठवडे पाहुणे, फिरणं, मोठे खर्च सगळं बाजूला ठेवा, कारण खरं सांगायचं तर तुम्ही दोघं एकमेकांना नव्यानेच भेटताय. सगळ्यात आधी झोपेचं बघा. रात्री तो दचकून ओरडला तर हलवून उठवू नका, अर्धवट झोपेत हात उगारला जाऊ शकतो, थोडं लांबून नाव घ्या, लाईट लावा, तू घरी आहेस एवढंच बोला. तिकडे काय झालं ते खोदून विचारू नका, तो बोलेल तेव्हा ऐका, मधेच सल्ले नकोत (हेच सगळ्यात अवघड जातं). पैशाचे निर्णय इतके दिवस एकटीने घेतलेत ना, मग एकदम सगळं त्याच्यावर टाकू नका, बिलं आणि बँकेचं एकत्र बसून बघा. झोप यावी म्हणून दारू तर नकोच, झोप अजून बिघडते. वाईट स्वप्नं, चिडचिड, आठवणी टाळणं हे महिन्याच्या वर चाललं तर पीटीएसडी (भयंकर अनुभवाच्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार) असू शकतो, हे नाव १९८० पासून अधिकृत निदानात आहे आणि त्यावर थेरपी असते, पहिल्यांदा डॉक्टरकडे दोघंही जा.